हात बसेपर्यंत

अमळनेरला १९४५ साली एक तेल कारखाना निघाला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, हे त्याचं नाव, मोहम्मद हाशम प्रेमजी त्याचे संस्थापक. वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण हा त्याचा माल. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परत आले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, संगणकाच्या बाजारात जागा मोकळी झाली आणि ही तेल-साबणाची कंपनी त्या धंद्यात उतरली. २००० साली ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली. विप्रोचं मूळ अमळनेरला आहे, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जुन्या काळी घेतलेले थोडेसे शेअर न विकता जपून ठेवले आणि त्यावर पुढच्या पिढ्या तरल्या, अशी घरं गावात आहेत.

त्याच अमळनेरची जुनी ओळख गिरणीची. प्रताप शेठजींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कापड गिरणी उभी केली. १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं तेही त्यांनीच. साने गुरुजी इथल्या शाळेत मास्तर होते, आणि शाळा सुटल्यावरही गिरणी कामगारांची दुःखं त्यांच्यापासून सुटली नाहीत. तिकडे जळगाव, चाळीसगाव, धुळे, सगळीकडे गिरण्या होत्या आणि भोंग्यावर घड्याळं लावली जात होती. मग त्या एकेक करून थंडावल्या. जळगाव स्टेशनजवळ जिथे खान्देश मिल होती, तिथे आज खान्देश सेंट्रल आहे. तिथे सिनेमा बघायला जाणाऱ्या कित्येकांचे आजोबा त्याच जागेवर पाळी करायचे.

या दोन गोष्टी मी लहानपणापासून वेगवेगळ्या ऐकल्या. आयटीआयमध्ये शिकवायला लागल्यावर त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायची सवय लागली. तेलाच्या कंपनीने धंदा बदलला, गिरणीच्या कामगारालाही धंदा बदलावा लागला. कंपनी काही एका रात्रीत संगणकवाली झाली नाही. नवीन खात्यातली माणसं शिकत होती, चुकत होती, तेव्हा साबण आणि तूप विकलं जातच होतं. जुन्या गल्ल्यावर नवं शिक्षण झालं. गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसाकडे मात्र जुना गल्ला नव्हता. त्याच्याकडे किराणा दुकानाची उधारीची वही होती.

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, खान्देशातल्याच एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, साच्यावर (मागावर) होते. गिरणी आजारी पडली, आठवड्यातले कामाचे दिवस घटले, आणि मग एका सकाळी फाटक उघडलंच नाही. आबा चाळिशी ओलांडलेले. नुसत्या आवाजावरून साच्याचं दुखणं ओळखणारा तो माणूस, पण त्या ज्ञानाला पंचक्रोशीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. धुळ्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला एक ओळखीचा म्हणाला, ये शिकायला, चार महिने पगार नाही, मग हाताला काम देतो. आबा गेले. तांब्याची तार गुंडाळताना हात किती हलका ठेवायचा ते त्यांना पटकन समजलं, धाग्याचीच सवय होती ती. पण घरात खाणारी तोंडं पाच, आणि चार महिने म्हणजे चार महिने. महिना भरायच्या आत ते परतले आणि बाजार समितीत हमालीला लागले. शेवटपर्यंत पाठीवर पोती वाहिली.

माझं सगळं म्हणणं त्या चार महिन्यांबद्दल आहे.

रोजगार मेळाव्यात, कौशल्य दिनाच्या कार्यक्रमात मी नेहमी ऐकतो की जग बदलतंय, कामगाराने बदललं पाहिजे, नवं शिकायची मानसिकता हवी. खान्देशी माणसाला हे सांगण्यात मला अन्याय वाटतो. ज्या मुलखातला माणूस कापूस सोडून केळीकडे आला, केळीच्या मुनव्यांवरून टिश्यू कल्चरच्या रोपांवर आला, पाटाच्या पाण्यावरून ठिबकवर आला, नांगर सोडून लूमवर गेला, त्याच्या मानसिकतेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. शिकायला तो तयार असतो. शिकताना खायचं काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मंचावरून कोणी देत नाही.

खान्देशाने हे उत्तर आपल्यापुरतं शोधलं, ते सुरतेत. भुसावळहून निघालेली पॅसेंजर जळगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला पोचते तेव्हा डब्यातली भाषा बदललेली नसते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत गल्ल्याच्या गल्ल्या अहिराणी बोलतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जत्थेच्या जत्थे गावी येतात, कानबाई देवीचे रोट तिकडेही होतात. सुरत हे आमचं परगाव राहिलेलंच नाही.

माझा मामा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला तिकडे गेला. कोरडवाहू दोन एकर, त्यात तीन भाऊ, आणि लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही. लिंबायतला गावातल्या एका जिभाऊची खोली होती. मामा तिथे उतरला. जिभाऊ त्याला रात्रपाळीला आपल्यासोबत लूमच्या खात्यात घेऊन जायचा. मालकाची हरकत नसायची, कारण पगार द्यायचा नव्हता. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ कशी मारायची, कांडी संपायच्या आत कशी बदलायची, बीम कसं चढवायचं, हे मामा जिभाऊच्या मागे उभा राहून शिकला. दोन वेळचं जेवण जिभाऊच्या बायकोच्या हातचं, झोपायला जिभाऊचीच गोधडी, कारण तो कामावर असला की ती मोकळी. पहिला पगार झाला तेव्हा मामाने त्या वहिनीला पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत, म्हणाली पुढच्याला जेवू घाल. आणि ते खरंच तसं चालत आलं. मामाच्या खोलीवर पुढे गावातली किती पोरं जेवली, याची मोजदाद मामीकडेही नाही.

सुरतेच्या कापडाबद्दल अर्थशास्त्रातली माणसं पुष्कळ लिहितात. स्वस्त मजूर, मोठी बाजारपेठ, कृत्रिम धागा. त्यात या खोल्या येत नाहीत. माझ्या मते ते देशातलं एक फार मोठं प्रशिक्षण केंद्र होतं आणि त्याचा सगळा खर्च कामगारांच्या बायकांनी पोळ्या लाटून भागवला.

मग जग बदललं. जागतिक व्यापारात श्रीमंत देशांनी कापडावर घातलेली कोट्याची बंधनं १ जानेवारी २००५ ला संपली आणि चीनच्या कापडाला मोकळं रान मिळालं. सुरतेतल्या मालकांना वेगवान यंत्रं आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यासाठी सरकारची मदतही होती. तंत्रज्ञान सुधारणेची टफ योजना १९९९ पासून सुरू होती आणि नव्या यंत्राच्या कर्जावरचं ५ टक्के व्याज सरकार उचलत होतं. ही मदत योग्यच होती, नाहीतर धंदाच बुडाला असता. पण त्या नव्या यंत्रापुढे उभा राहायला शिकणाऱ्या कारागिराचा पगार तेवढ्या दिवसांत बुडतो, तो कोणी उचलावा, हा विचार त्या हिशेबात नव्हता.

मामाच्या खात्यात वॉटरजेट आल्या तेव्हा तो सेहेचाळीसचा होता. जुन्या शटल लूम वजनावर भंगारात गेल्या. मी त्या दिवाळीत सुरतेला होतो आणि मामासोबत खात्यात गेलो. शटल लूमचं खातं मला लहानपणापासून माहीत होतं. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, त्या खटाखटीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण पाठमोरा उभा असलेला मामा मध्येच वळायचा आणि बरोबर ज्या लूमचा आवाज बिघडला तिच्याकडे जायचा. वॉटरजेटला धोटाच नाही. नोझलमधून पाण्याची बारीक धार सुटते आणि तिच्यासरशी बाण्याचा (आडवा) धागा ताण्यातून (उभ्या धाग्यांतून) पलीकडे जातो, मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा. धागा तुटला तर यंत्र आपोआप थांबतं आणि वर दिवा लागतो. खाली फरशी सतत ओली, कारागिरांच्या पायात गमबूट, हवेत गारठा. मामाच्या कानाला तिथे काही काम उरलं नव्हतं. आता आकडे वाचायचे होते, पंप कधी सुटतो आणि धागा कधी सुटतो यातलं अंतर पॅनेलवर बघून जुळवायचं होतं, आणि नोझलच्या तोंडाशी अडकलेलं तुसासारखं सूत बोटाच्या पेराने काढायचं होतं.

शिकवायला होता त्याच्याच थोरल्या भावाचा मुलगा, बावीस वर्षांचा. याच मामाने त्याला सुरतेला आणलं होतं. मामा सवयीने थेट धाग्याकडे हात नेई आणि पोरगं ओरडे, "नाना, पहिले बटन दाबा, मंग हात घाला!" काकाला शिकवताना त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, धास्ती होती. चालत्या यंत्रात बोट गेलं तर जबाबदार तोच. मामाने एकदाही वय मध्ये आणलं नाही. चहाला बाहेर आलो तेव्हा हात पुसत मला म्हणाला, "हात बसाले टाईम लागस, भो. पोट थांबत नही."

हात बसायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत अर्धा पगार, तोही मालक भला म्हणून. खोलीचं भाडं, मोठ्या मुलीची बारावी, गावाकडे आईचं औषध, यातलं काहीच अर्धं झालं नाही. ती तूट मामीने भरली. शेजारच्या गल्लीतला एक दलाल साड्यांचे गठ्ठे आणून टाकायचा. मामी जमिनीवर साडी पसरायची, काठाच्या नक्षीवर गमचे थेंब टाकत जायची आणि काडीच्या टोकाने एकेक टिकली उचलून थेंबावर ठेवायची. पंख्याच्या वाऱ्याने टिकल्या उडतात म्हणून पंखा बंद. सुरतेच्या ऑक्टोबरात बंद पंख्याखाली ती मध्यरात्रीपर्यंत बसायची, नगावर पैसे. मामा वॉटरजेट शिकला तो तिच्या बोटांवर. आज कोणी त्याला "कुशल कामगार" म्हणतं तेव्हा मला त्या साड्या आठवतात, कारण त्या कौशल्याची किंमत तिने मोजलेली मी पाहिली आहे.

हे असंच असावं लागतं का? लागत नाही, आणि त्यासाठी लांब जायला नको. भुसावळ आहे.

माझे सासरे रेल्वेत क्लीनर म्हणून लागले. इंजिन पुसायचं काम. मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन. चालत्या इंजिनात फावड्याने कोळसा भट्टीत असा फेकायचा की तो सगळीकडे सारखा पसरला पाहिजे, ही कला त्यांना अवगत होती. वाफेची इंजिनं गेली. देशभरात नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या लाइनवरून ती पार नाहीशी झाली, भुसावळ विभागात विजेच्या गाड्या त्याच्या कितीतरी आधी आल्या होत्या. म्हणजे सासऱ्यांची कला जगाच्या दृष्टीने संपली, आबांची संपली तशीच. पण रेल्वेने फायरमनला घरी पाठवलं नाही. भुसावळला रेल्वेची प्रशिक्षण शाळा आहे, जुने लोक तिला अजून झेडटीएस (झोनल ट्रेनिंग स्कूल) म्हणतात. प्रशिक्षणाला बसवायचे ते पगार चालू ठेवून, वर भत्ता देऊन. आठवी शिकलेले सासरे तिथे ट्रान्सफॉर्मर आणि पँटोग्राफ शिकले, परीक्षा दिली, असिस्टंट झाले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. घरात त्यांच्या त्या काळातल्या वह्या आहेत. शाईच्या पेनाने काढलेल्या सर्किटच्या आकृत्या, खाली मोडीसारख्या वळणाचं अक्षर. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यातली एक वही दरवर्षी दाखवतो.

आबा आणि सासरे यांच्या बुद्धीत, कष्टात मला काही फरक दिसत नाही. एकाला शिकायचे दिवस मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत. इतक्या साध्या गोष्टीने एक घर एका पिढीत वर आलं आणि दुसऱ्या घरातल्या पोरांना शाळा सोडावी लागली. रेल्वे सरकारी, गिरणी खाजगी, तुलना बरोबर नाही, असं मला सहकारी म्हणतात. मला ती बरोबर वाटते. पैसा कोणाच्या खिशातून जातो हा वेगळा वाद आहे. शिकणाऱ्याच्या खिशातून जाऊ नये, हे आधी मान्य होऊ दे.

बायकांच्या कामाबद्दल तर कोणी विचारही करत नाही. जळगावच्या डाळ मिल प्रसिद्ध आहेत. तिथे एके काळी बायका ओळीने बसून डाळ निवडायच्या, काळा दाणा, खडा, फुटका दाणा बाजूला. मग सॉर्टेक्स आलं. डाळ सरकत खाली येते, कॅमेरा रंग बघतो, नको असलेल्या दाण्याला हवेचा झोत बाजूला उडवतो. परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा माल हवा असतो, यंत्र आलंच असतं. माझ्या ओळखीच्या एक मावशी तेव्हा घरी बसल्या, पुढे काही वर्षं चटईच्या कारखान्यात गेल्या, आता केळीच्या पॅकहाउसमध्ये फण्या धुऊन खोक्यात भरतात. केळी आखातात जातात. फणीवर ओरखडा पडू न देता ती वळवायची, वजन नेमकं बसवायचं, मध्ये फोम घालायचा, हे सगळं त्या एकमेकींकडे बघून शिकल्या. त्यांना यासाठी कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, मजुरीच्या दरात त्याची कुठे नोंद नाही. माझ्या दृष्टीने त्यांनी तीन उद्योग आत्मसात केले.

सरकारला हे अगदीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यापासून शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. शिकण्याच्या काळाचे पैसे द्यायचे असतात हे तत्त्व त्यात मान्य झालं, याचा मला आनंद आहे. पण वयाची अट १८ ते ३५. मामा सेहेचाळीसचा होता, आबा चाळिशी ओलांडलेले. ज्याच्या अंगावर सगळ्यात जास्त माणसं असतात त्याच वयाला ही योजना दार लावते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) एक योजना आहे, नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत निम्म्या पगाराइतकी मदत देणारी. चांगली आहे. मात्र त्यासाठी आधी विमा कपात होणारी नोकरी हवी, आणि लूमच्या खात्यांतल्या बहुतेकांच्या नावाचं हजेरीपत्रकही धड नसतं.

सिंगापूरने काय केलं ते मी मुद्दाम वाचलं. चाळिशीपुढच्या नागरिकाला तिथे २०२४ पासून शिक्षणासाठी ४,००० सिंगापूर डॉलर खात्यात मिळतात, आणि २०२५ पासून तो पूर्णवेळ शिकायला बसला तर आधीच्या कमाईच्या निम्मा भत्ता, महिना ३,००० डॉलरच्या मर्यादेत, एकूण दोन वर्षांपर्यंत. श्रीमंत, छोटा देश आहे, मान्य. आकडे आपल्याला परवडणार नाहीत, पण वयाची अट उलट्या बाजूने लावायला पैसे पडत नाहीत.

आमच्या भागात हे कसं करता येईल याचा मी बराच विचार करतो. आयटीआयची कार्यशाळा संध्याकाळी मोकळी असते. लेथ, वेल्डिंगचे बूथ, इलेक्ट्रिकलचे पॅनेल, सगळं कुलपात. जळगाव, धुळे, नंदुरबार, नवापूर, चारही ठिकाणी एमआयडीसी आहेत आणि देखभालीची माणसं मिळत नाहीत ही तिथल्या कारखानदारांची नेहमीची तक्रार आहे. पस्तिशीपुढच्या कामगारांसाठी तीन महिन्यांचा वर्ग, त्या काळात किमान वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि एक अट कारखानदारावर: जो नवं यंत्र अनुदानावर आणेल त्याने जुन्या कारागिराला शिकण्याचे दिवस भरपगारी द्यावेत. यात अशक्य काय आहे ते मला कोणी समजावून सांगावं. यंत्राच्या कर्जाचं व्याज आपण उचलू शकलो, तर माणसाच्या तीन महिन्यांचा किराणाही उचलू शकतो.

घाई आहे, कारण बदलांमधलं अंतर कमी होत चाललंय. आबांना साच्यावर पंचवीस वर्षं मिळाली, मामाला शटलवर तितकीच. वॉटरजेट शिकवणारा तो बावीस वर्षांचा पोरगा आता पस्तिशी ओलांडून गेलाय आणि तो म्हणतो की कापडातला दोष शोधणारे कॅमेरे आले, एका माणसाकडे आधीपेक्षा जास्त मशीन आल्या. २०२० मध्ये टाळेबंदीत तो बायको-मुलीला घेऊन नवापूरपर्यंत पायी आला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा त्याच्या गल्लीतल्या हिरे घासणाऱ्यांचं काम आटलं आणि त्यातले काही जण लूमवर जागा शोधायला आले. त्यांना शिकवायचं काम पुन्हा यांच्याकडेच, खोलीवर जेवायला घालायचं कामही.

गेल्या आखाजीला तो गावी भेटला. सोलर पॅनेल बसवणं आणि दुरुस्ती शिकायची आहे म्हणाला, उधन्याजवळ कुठे वर्ग आहे का ते विचारून ठेव. मी चौकशी केली, एका संस्थेचा पत्ता आणि फी त्याला कळवली. वर्ग दिवसा आहे, हे सांगायला मला जड जात होतं, कारण तो दिवसपाळीत आहे आणि त्याच्या पगारावर पाच माणसं आहेत. त्याने फोनवर क्षणभरही विचार केला नाही. "दिवसना क्लास शे तं मी रातपाळी मांगी लिसू. झोपनं पाही लिऊत. तू फक्त फीना हप्ता पडतस का ते इचार."